वाचल्याची पोच

१

अपग्रेड म्हटलं की अजून माझं डोकं फिरतं. चांगला चालणारा संगणक होता माझा. जुना होता, घरघर करायचा, पण हाताला बसलेला होता. मी घरी बसून टायपिंग करते. एका सर्वेक्षण कंपनीतले साहेब लोक आपले अहवाल फोनमध्ये बोलून ठेवतात, ती रेकॉर्डिंग मला मेलने येतात, मी हेडफोन लावून टाईप करते आणि मेलनेच परत पाठवते. कंपनीने कळवलं, नवी सिस्टीम टाका, नाहीतर काम मिळणार नाही. टाकली. न टाकून सांगते कोणाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी मेलचा प्रोग्राम उघडेचना. पडद्यावर एक चाक गरगरत राहायचं, मग 'प्रोफाइल सापडत नाही' असं लिहून यायचं आणि सगळं गप्प. शेवटी रिमोटवाल्याला फोन केला. हा मनुष्य आपल्या घरी बसून दुसऱ्याच्या घरातला संगणक चालवतो. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. माझ्या पडद्यावर त्याचा बाण फिरतो आणि कानात त्याचा च्युइंगम चघळल्याचा आवाज येतो, तेवढीच आमची ओळख.

"मॅडम, जुनं प्रोफाइल उडालंय. नवीन बनवतो, तुमचे फोल्डर त्याला जोडतो," तो म्हणाला.

"मेल गेले नाहीत ना?"

"सगळे आहेत. सोळा आणे आहेत. हं, भाषा मराठी झालीये बघा आपोआप. बदलू?"

"राहू दे. तेवढंच एक बरं झालंय."

दुपारपर्यंत प्रोग्राम चालू झाला. डाव्या बाजूला 'आलेले', 'पाठवलेले', 'मसुदे', सगळं रांगेत उभं. रिमोटवाल्याने निरोप घेतला, बाण थांबला, आणि मी चहा ठेवायला उठले तेवढ्यात टिंग झालं. नवा मेल. मला वाटलं ऑफिसचा असेल.

मेलमध्ये एकच ओळ होती. 'आपला संदेश प्राप्तकर्त्याने वाचला.' त्याखाली पत्ता होता, तो माझ्या दादाचा.

दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं.

२

हे नीट कळायला माझे वडील माहीत असायला हवेत.

बाबांनी सगळी नोकरी एका मोठ्या कचेरीच्या आवक-जावक विभागात काढली. आलेल्या टपालावर शिक्का, गेलेल्या टपालाची पोच. त्यांच्या लेखी जगात दोनच गुन्हे होते, एक म्हणजे पत्राला पोच न देणं आणि दुसरा म्हणजे पोच न मागणं. घराच्या दाराला टपालाची फट पाडून त्यावर पत्र्याची झडप त्यांनीच बसवून घेतली होती. दादा लहानपणापासून घंटा कधी वाजवायचा नाही, बोटाने ती झडप दोनदा खडखडवायचा. बाबा कितीही गाढ झोपेत असले तरी उठून बसायचे. आता टपाल येत नाही, वारा मात्र येतो, म्हणून मी त्या झडपेवर आतून जाड चिकटपट्टी मारून टाकली होती.

बाबांची उजवी बाजू गेली तेव्हापासून ते आतल्या खोलीत पडून होते. मधे लाकडी पार्टिशन. माझ्या संगणकाची टिंग त्यांना ऐकू जायची आणि त्यांचा खोकला मला. त्यांचं खाणंपिणं, औषधं, चादरी, आंघोळ, सगळं माझ्याकडे. दादा दूर, आपल्या संसारात. तो यायचा नाही, फोन उचलायचा नाही. कशावरून बिनसलं होतं ते दोघांनाही धड आठवत नसेल, पण अढी मात्र दोघांनी जिवापाड जपली.

तरी दर रविवारी बाबा दादाला मेल सांगायचे. मी वायर ओढून कीबोर्ड त्यांच्या दाराशी आणायची, ते बोलायचे, मी टाईप करायची. शेवटी दरवेळी, "वाचल्याची पोच मागव." मी चौकटीत टिचकी मारायची, पाठवायची. मग आठवडाभर, "पोच आली का गं बेबी?" पन्नाशी उलटली तरी मी बेबीच.

पोच कधी आली नाही. एकदाही नाही.

आणि मग दादाच गेला. वहिनीने सगळं उरकल्यावर फोन केला. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ऐकलं, डोळे पुसले आणि बाबांचं दूध गाळून घेऊन आत गेले. सांगितलं नाही. त्या पडलेल्या जिवाला काय सांगायचं होतं? रविवारचे मेल मी तसेच टाईप करत राहिले, तशीच पोच मागत राहिले. मेल परत येत नव्हते. कुठेतरी साठत असतील, साठेनात का!

३

त्या दिवशी आणखी काही पोचा आल्या. मी तारखा पाहिल्या. सगळ्यात पहिला मेल, मग त्याच्या पुढच्या रविवारचा, मग त्याच्या पुढच्याचा. क्रमाने.

रिमोटवाल्याला परत फोन लावला.

"अहो, पोच काय माणूस पाठवतो का?" तो हसला. "प्रोग्राम पाठवतो. सर्व्हरवर अडकलं असेल सगळं. तुमचं प्रोफाइल नवीन झालं, बोळा निघाला."

"मग सगळ्या एकदम का येत नाहीत?"

"येतील की."

"आणि वाचल्याची वेळ आजची आहे त्यात."

च्युइंगमचा आवाज थांबला. "मग त्या माणसाने आज वाचले असतील."

"तो माणूस नाहीये."

"म्हणजे बाहेरगावी?"

मी फोन ठेवला. त्या पोराचा काय दोष!

मी काही भुताखेतावर विश्वास ठेवणारी बाई नाही. मी मनाशी हिशेब मांडला की पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागलाय आणि तो टवाळ मनुष्य आमच्या घरचे मेल वाचत बसलाय. पटण्यासारखं होतं. पण मी दिवसभर कानांनी काम करणारी, आवाजांमधलं अंतर मला आपोआप समजतं. छोट्या मेलनंतरची टिंग लवकर यायची. गच्चीच्या गळतीवर बाबांनी दोन पानं लिहवून घेतली होती, त्यानंतरची टिंग यायला बराच वेळ गेला. आणि एका मेलमध्ये एवढंच होतं, 'तुझा राग गेला का?' ती पोच सकाळपासून आली नाही. दुपार टळल्यावर आली. टवाळ मनुष्य एका ओळीसाठी एवढा वेळ कशाला थांबेल?

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "टिंग टिंग काय चाललंय? पोच आली का?"

सवयीने 'नाही' म्हणणार होते. पण आली होती ना! "आली," मी म्हणाले.

बाबांनी डाव्या हाताने गालावरची दाढी चाचपली. मग म्हणाले, "उद्या दाढी करून घेईन म्हणतो."

महिनोन्महिने मी पाय धरले होते त्यांचे, बाबा, दाढी करू या, खाज येते, जखमा होतात. हात झटकायचे. आणि आता दादाच्या पोचेसाठी दाढी! दुसऱ्या दिवशी वस्तरा फिरवताना माझ्या मनात काय काय येत होतं ते न सांगितलेलंच बरं.

त्यानंतर ते जेवायला लागले. डाव्या हाताने चमचा धरून, न सांडता. मग म्हणाले, "माझे काळे बूट कुठेत? जरा पुसून ठेव." मी पुसले. पायांना इतकी सूज होती की बूट चढणं शक्यच नव्हतं, म्हणून नाड्या काढून, गुंडाळून बुटांत ठेवल्या आणि बूट पलंगाखाली सरकवून दिले. म्हाताऱ्या माणसाचे लाड, दुसरं काय?

रविवार आला. मी कीबोर्ड घेऊन दाराशी बसले. बाबांनी मान हलवली. "आता नको. सांगायचं ते सांगून झालंय."

४

वहिनीला फोन करणं माझ्या जिवावर यायचं. तिच्याशी बोलताना मी दात दाबून बोलते आणि तीही.

"दादाचा मेल कोणी उघडतंय का तुमच्याकडे?"

"कोण उघडणार? तो संगणक मी भंगारात दिला. पासवर्ड त्यांनी मला कधी सांगितला नव्हता." मग जरा थांबून, "का? काही हवं होतं का त्यातलं?"

"बाबांच्या मेलच्या पोचा येतायत."

पलीकडे कसलं तरी यंत्र चालू होतं, कपडे धुण्याचं असावं. ते तिने बंद केलं.

"वन्सं, एक सांगू? ते वाचतच नव्हते ते मेल. 'बाबांचं टपाल' म्हणायचे आणि तसंच ठेवायचे. मी म्हणायचे, अहो उघडा, म्हातारा माणूस आहे. तर म्हणायचे, 'असे घाईघाईत नाही वाचायचे. निवांत झालो की पहिल्यापासून बसून सगळे वाचेन.'"

फोन दुसऱ्या हातात घेतला.

"तुम्ही सासऱ्यांना सांगितलंत की नाही अजून?" तिने विचारलं.

"तुम्ही मला कधी सांगितलंत?" मी म्हणाले आणि ठेवून दिला. तोंडात मारायची संधी मी सोडत नाही. पण नंतर खुर्चीत बसले ती उठवेचना.

टिंग झालं. मी न बघताच ओळखलं की पुढच्या रविवारचा मेल वाचून झालाय.

५

आता दादा कुठवर आलाय हे मी बघायला लागले होते. हो, दादाच म्हणते. मनात त्याला दुसरं नाव उरलं नव्हतं. तो गेल्या उन्हाळ्यापर्यंत आला, मग हिवाळ्यापर्यंत. पुढे मोजकेच मेल उरले. मग मला सुचलं की त्या उरलेल्यांत आहे तरी काय ते आपण वाचावं.

हसाल तुम्ही. मीच टाईप केलेले मेल, मला माहीत नकोत? पण ज्याने हे काम केलंय त्याला विचारा. शब्द कानातून शिरतात आणि बोटांतून निघून जातात, डोक्यात थांबतच नाहीत. साहेब लोकांचे हजारो अहवाल मी टाईप केले असतील, विचाराल तर एकाचाही मजकूर सांगता येणार नाही. अर्थ लावत बसलं की हात अडखळतो. बाबांचे मेलही मी तसेच करायची, पातेल्यावरचं झाकण आणि औषधाची वेळ डोक्यात ठेवून.

'पाठवलेले' उघडलं. शेवटचा मेल, अपग्रेडच्या आधीच्या रविवारचा.

'माझं इथलं काम संपलं आहे. तू जिथे आहेस तिथे मला घेऊन जा. उशीर करू नकोस. मी दाढी करून, बूट घालून तयार राहीन. घंटा वाजवू नकोस, तुझ्या पद्धतीने झडप वाजव. बेबी कामात असते, तिला कळणार नाही.'

त्या सगळ्या मेलमध्ये माझा उल्लेख तेवढाच. मी सगळे उघडून पाहिले. गच्ची होती, गुडघे होते, जुन्या कचेरीतले मेलेले सहकारी होते. मी कुठेच नव्हते. या शेवटच्या मेलमध्ये होते ती अशी. आणि ते वाक्य मी माझ्याच बोटांनी टाईप करून, पोच मागवून, पाठवून दिलं होतं.

रडू नाही आलं. संताप आला. तळपायाची आग मस्तकात म्हणतात ना, तसा.

६

रिमोटवाल्याला म्हणाले, गेलेला मेल परत ओढता येतो का? तो म्हणाला, "गेला तो गेला, मॅडम." मी 'पाठवलेले'मधून तो काढून टाकला. त्याचा उपयोग नव्हता, मलाही ठाऊक होतं. नवा मेल लिहून 'येऊ नकोस' सांगावं, तर तो रांगेत शेवटी जाणार. दादा पहिल्यापासून क्रमाने वाचतोय. बाबांचा मेल आधी वाचणार, माझा नंतर. मग त्या 'येऊ नकोस'ला अर्थ काय?

तेव्हा मला घड्याळ सुचलं. मेलवर तारीख पडते ती संगणकाच्या घड्याळाची. मी घड्याळ मागे फिरवलं, त्या रविवारच्या आदल्या शनिवारवर आणून ठेवलं, आणि मेल लिहिला. कोणी सांगितल्याशिवाय, स्वतःचा असा, पहिल्यांदाच.

'दादा, येऊ नकोस. बाबांना नेऊ नकोस. ते गेले तर मला या घरात हाक मारायलाही कोणी उरणार नाही. बेबी.'

पोच मागवली. पाठवला.

लख्ख दुपार होती. बाबांचा तो शेवटचा मेल सोडून बाकी सगळ्यांच्या पोचा तोवर येऊन गेल्या होत्या. रस्त्यावर कोणीतरी दुचाकी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होऊन निघून गेली. आत बाबा जागे होते, पलंग करकरत होता. मी पडद्यासमोर हात मांडीवर घेऊन बसले.

टिंग.

पोच माझ्या मेलची होती. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! उघडली.

'आपला संदेश प्राप्तकर्त्याने न वाचता काढून टाकला.'

मी ते परत वाचलं. प्रोग्राम असं काही म्हणू शकतो हे मला माहीतच नव्हतं. पहिल्यापासून आलेली प्रत्येक पोच 'वाचला' अशी होती. गच्चीची गळती वाचली, गुडघे वाचले.

टिंग.

बाबांचा शेवटचा मेल. वाचला.

"आली ना?" आतून बाबा म्हणाले.

मी उठून त्यांच्या दारात उभी राहिले. दाढी केलेला, पांढराफटक, लहान झालेला चेहरा. "बाबा, दादा नाहीये हो. वर्ष झालं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "आवक-जावकमध्ये जन्म गेला माझा. कुठून काय आलंय ते आणणाऱ्याच्या तोंडावरून कळतं. त्या दिवशी तू दूध घेऊन आलीस तेव्हाच कळलं."

"आणि तरी तुम्ही त्याला लिहीत होतात?"

"तेव्हापासूनच तर नीट लिहायला लागलो."

"मी काय कमी केलं तुमचं?" माझा आवाज चढला. शेजारी ऐकतील तर ऐकोत. "त्याने तुमचा एक मेल उघडला नाही जिवंतपणी! घाण मी काढली, रात्री मी जागले, आणि जायचं त्याच्याकडे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, प्रेमानेही नाही. शिक्का कुठे मारायचा ते शोधताना कागदाकडे बघतात, तसं.

"तू आहेसच की गं," ते म्हणाले. "तो नव्हता."

बाहेरच्या खोलीत झडप खडखडली. दोनदा.

मी वळले. चिकटपट्टी होती तशी होती, चारी बाजूंनी दाबून बसवलेली. तिच्या मागे पत्रा हलला, पट्टी आत फुगली, आणि एका कडेने फट दिसली. तिथून उजेडाची रेघ आत यायला हवी होती, समोरचा रस्ता उन्हाने भाजत होता. रेघ आली नाही. वाकून कोणी फटीला तोंड लावलं की जसा काळोख होतो, तसा तेवढाच काळोख होता. पट्टी फुगायची आणि बसायची, फुगायची आणि बसायची. पलीकडे कोणी श्वास घेत होतं, किंवा वारा होता.

"उघड, बेबी," बाबा म्हणाले.

मी नाही उघडलं. दाराला पाठ लावून, पाय रोवून बसले. पाठीला गारवा लागत होता. किती वेळ बसले सांगता येणार नाही. मग झडपेच्या फटीतून माझ्या मांडीशेजारी फरशीवर उजेडाची बारीक रेघ पडली.

आत गेले. बाबा पलंगाच्या कडेला बसलेले होते, पाय खाली सोडून, पाठ ताठ. कितीतरी दिवसांत ते आधाराशिवाय बसले नव्हते. पायांत काळे बूट होते. मी गुंडाळून ठेवलेल्या नाड्या ओवलेल्या होत्या आणि दोन्हींना घट्ट दुहेरी गाठ मारलेली होती.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, मान हलवली. निघताना पायांकडे बघत त्यांनी विचारलं, "एवढ्या सुजेवर बूट कोणी घातले?"

मी म्हणाले, मीच.

७

वहिनीला मी फोन केला. सगळं उरकल्यावर.

रिमोटवाला एकदा म्हणाला, "मॅडम, तुमचं घड्याळ मागे आहे, दुरुस्त करतो." केलं त्याने. ऑफिसचे अहवाल येतात, मी टाईप करते. आता ऐकूनही घेते, त्यामुळे हात अडखळतो आणि कामाला उशीर होतो. पार्टिशनच्या पलीकडे खोकला नाही. मला बेबी म्हणणारं कोणी नाही. झडपेवरची पट्टी मी काढून टाकली आहे, दाराला कडीही लावत नाही. कोणी येत नाही.

रविवारी मी दादाच्या पत्त्यावर लिहिते. पोच मागवते. टिंग लगेच होते, माझं बोट बटणावरून निघायच्या आत. 'न वाचता काढून टाकला.' एकदा मी शिव्या लिहून पाठवल्या, एकदा नुसता कोरा पाठवला. तेच.

गेल्या रविवारी दादाला लिहिलं नाही. पत्ता तोच, पण मायना बदलला.

'बाबा, मी बेबी. माझ्याबद्दल काही लिहायचं राहिलं होतं का? सांगा, मी टाईप करून घेते.'

पाठवला. टिंग झाली नाही. मी खुर्ची सोडली नाही. दुपार झाली, ऊन सरकून भिंतीवर आलं. कोणीतरी तो मेल हातात धरून बसलंय, याची मला इतकी खात्री वाटत होती की मी पदर सारखा केला, केस नीट केले. चहासुद्धा घेतला नाही. संध्याकाळी दिवा लावायला उठले तेव्हा टिंग झालं.

पोच उभ्या उभ्याच उघडली. न वाचता काढून टाकला होता.